माशासाठी माशी

आज मी तुमच्याशी अशा एका माशीबद्दल बोलणार आहे, जी उडत नाही, गुणगुणत नाही आणि बसलीच तर माशाच्या ओठात बसते. शाळेत असताना व्याकरणाच्या तासाला मी ‘मासा’ या शब्दाचं स्त्रीलिंग ‘माशी’ असं लिहिलं होतं. गुरुजींनी माझी वही वर्गभर फिरवली. आज ते असते, तर त्यांना सांगितलं असतं की गुरुजी, जगात असेही लोक आहेत ज्यांनी या दोघांचं लग्न लावण्यात आयुष्य घालवलं आहे.

हे लोक म्हणजे ट्राउट नावाच्या माशामागे लागलेले गळकरी. ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. काश्मीरच्या नद्यांत आज जो तपकिरी ट्राउट सापडतो, तो तिथला मूळ रहिवासी नव्हे. १९०० साली ब्रिटनहून आलेल्या बीजाचा तो वंश आहे. त्याआधी वर्षभर पाठवलेली अंडी वाटेतच गेली होती. आपल्या सह्याद्रीच्या नद्या त्याला सोसणार नाहीत, पाणी फार गरम. या माशाच्या आहारात पाण्यात वाढणाऱ्या किड्यांचा मोठा वाटा असतो. हे किडे कित्येक महिने तळातल्या दगडाधोंड्यांत काढतात आणि मग एखाद्या दिवशी वर येतात, पंख उघडतात, उडतात. ट्राउट त्यांना वर येताना किंवा पाण्यावर बसलेले असताना टिपतो. असा किडा गळाला टोचायचा म्हटला तर बोटांतच चुरगळतो. म्हणून माणसानं गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून त्याची नक्कल केली. इंग्रजीत या नकलेला ‘फ्लाय’ म्हणतात. मी माशीच म्हणतो.

युक्ती आजची नाही. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे की मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधतात. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत बारा माश्यांची कृती दिली आहे. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.

माझा या विषयाशी संबंध आला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या घरी. आम्ही मूळ खेड तालुक्यातले, जगबुडी नदीच्या काठचे. दुल्हाभाई, म्हणजे आपाचे यजमान, तरुणपणी लँकेशायरला गेले आणि सुताच्या गिरणीत लागले. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण गिरणीतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सोबत्यानं त्यांना रविवारी नदीवर न्यायची सवय लावली होती, ती राहिली. २०१९ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला एक छोटा शेगडा घट्ट बसवलेला होता. लोहाराकडे असतो तसाच, फक्त इतका लहान की त्याच्या जबड्यात सेंटिमीटरभर लांबीचा गळ मावावा. बाजूला दोऱ्याची रिळं, बारीक कात्री, चिमटा, मेणाचा गोळा, पिसांची पुडकी आणि पाण्यानं भरलेला काचेचा पेला. मला वाटलं, पेला पिण्यासाठी आहे. मी उचलला तर दुल्हाभाई म्हणाले, “ठेव खाली. ते माझं दुकान आहे.”

त्या पेल्यातच सगळी विद्या होती. मी एक नारिंगी रेशमी दोरा पसंत केला. त्यांनी त्याचा तुकडा काळ्या गळावर गुंडाळला आणि पेल्यात बुडवला. झेंडूसारखा दिसणारा रंग बघता बघता कातासारखा तपकिरी झाला. रेशीम भिजलं की थोडं पारदर्शक होतं आणि आतल्या पोलादाचा काळेपणा वर येतो. पिवळा दोरा काळपट मेण लावून बांधला की पाण्यात शेवाळी दिसतो, आणि नदीतल्या कितीतरी किड्यांचा रंग तोच असतो. पॉलिएस्टरचा दोरा स्वस्त, मजबूत, पण तो एवढा बदलत नाही. म्हणून माल निवडायचा तो भिजवून. दुकानात ट्यूबलाइटखाली सुंदर दिसणारा दोरा किंवा पीस पाण्यात काय करतं, याची हमी दुकानदार देत नाही.

दुसरी गोष्ट पिसांची. आमच्या घरी कोंबड्या होत्या, त्यामुळे मला वाटलं हा प्रांत माझा आहे. पण कोंबड्याच्या आणि कोंबडीच्या मानेचं पीस शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. कोंबड्याचं पीस निमुळतं, तकतकीत, त्याचे तंतू ताठ. बोटावर वाकवलं की तंतू दातांसारखे उभे राहतात. ते गळाभोवती गुंडाळलं की चारी बाजूंना काटेरी चक्र तयार होतं आणि त्या टोकांवर माशी पाण्यावर उभी राहते. गळ पोलादाचा, म्हणजे बुडणारच. पण पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो आणि तंतू कडक व पाणी न शोषणारे असले तर तो ताण माशीला पेलून धरतो. कोंबडीचं पीस उलट. रुंद, मऊ, मुळाशी जाळीदार. ते पाणी पितं, बुडतं आणि प्रवाहात किड्याच्या पायांसारखं हलतं. तरंगणाऱ्या माशीला कोंबडा, बुडणाऱ्या माशीला कोंबडी. चांगलं-वाईट असं काही नाही. तरंगायला हवं तिथे मऊ पीस लावलं तर मात्र माशी दोन फेकींत पाण्याखाली जाते.

अमेरिकेत काही जणांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केवळ या पिसांसाठी कोंबडे तयार केले आहेत. त्यांच्या पाठीचं एकेक पीस वीतभरापेक्षा लांब. २०११ साली तिकडच्या बायकांत केसांत पिसं गुंफायची फॅशन आली. सलूनवाल्यांनी सगळा माल उचलला आणि गळकऱ्यांना पिसं मिळेनाशी झाली. नदीवरचे दाढीवाले गडी आणि सलूनमधल्या पोरी एकाच कोंबड्यासाठी भांडताहेत, हे दृश्य मला फार आवडतं.

बदकाच्या शेपटीपाशी तेलाची ग्रंथी असते. तिच्याभोवतीची इवलीशी पिसं तरंगत्या माशीला उत्तम. त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकून राहते. मात्र त्यांना तरंगण्यासाठी मिळणारं ग्रीस चोळलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि सगळं फुकट जातं. हरणाच्या केसाच्या आत हवेचे कप्पे असतात, म्हणून तोही तरंगतो. दोरा आवळला की हा केस दाबला जाऊन फुलतो. सशाच्या कानाजवळची लव मेण लावलेल्या दोऱ्यावर पिळून बसवली की खडबडीत, केसाळ शरीर तयार होतं आणि माशाला बहुधा ते आवडतं. मोराच्या पिसाऱ्यातला एक तंतू गळावर गुंडाळला की भुंग्याच्या पाठीसारखी हिरवट-तांबूस चमक येते. पण हा तंतू फार कच्चा, माशाच्या दातानं लगेच तुटतो. म्हणून तो दोऱ्याबरोबर पिळ घालून गुंडाळायचा किंवा वरून बारीक तार फिरवायची. आपल्याकडून मोरपिसं बाहेर पाठवायला बंदी आहे. दुल्हाभाईंकडची पिसं तिथल्याच एका मोठ्या वाड्याच्या बागेत पाळलेल्या मोरांची, झडलेली. इंग्लंडच्या पावसात मोर कसा नाचत असेल, देव जाणे. ऋतूचा पत्ताच लागत नसेल बिचाऱ्याला.

फ्रँक सॉयर नावाच्या एका नदीरक्षकाचं मला विशेष कौतुक वाटतं. विल्टशायरमधल्या एव्हन नदीवर तो काम करायचा. त्यानं दोराच काढून टाकला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे चार तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढंच सामान. तार बांधायचं काम करते, वजनही देते आणि तांबूस चमकही आणते. एका वस्तूकडून तीन कामं. आमच्या कवितेत हे साधलं तर आम्ही पुरस्कार मागायला मोकळे.

दुल्हाभाई मात्र उत्तर इंग्लंडच्या जुन्या रीतीचे. तिकडच्या माश्यांना ‘स्पायडर’ म्हणतात, म्हणजे कोळी, पण त्यांचा कोळ्याशी संबंध नाही. यॉर्कशायरच्या अशा माश्यांवर प्रिट या लेखकाचं १८८५ सालचं पुस्तक आहे. त्यातली सर्वांत सोपी माशी म्हणजे नारिंगी रेशमाचं शरीर आणि तित्तराच्या पाठीचं एक ठिपकेदार पीस. बस्स. मी ती बांधायला बसलो आणि तासाभरात गळावर झाडू तयार केला. पीस सहा वेढे, दोरा गळाच्या वाकापर्यंत, डोळ्यात मेण. दुल्हाभाईंनी ती पेल्यात सोडली. ती एका गठ्ठ्यासारखी तळाला गेली आणि तशीच पडून राहिली. “मेला,” ते म्हणाले. मग त्यांनी एक बांधली. गळाचा वाक सुरू होण्याआधीच रेशीम थांबवलं, पीस टोकाकडून पकडून दोनच वेढे दिले, डोळ्यामागे मोकळी जागा ठेवून गाठ मारली. गिरणीत तुटलेलं सूत जोडून जोडून तयार झालेली ती बोटं. पेल्यात त्यांची माशी हळूहळू खाली जाताना तित्तराचे दहा-बारा तंतू उघडत होते, मिटत होते. हातात पाहिली तर ती अर्धवट राहिल्यासारखी वाटली असती.

तर अशा रीतीनं गरीब वस्तूंचं कौतुक करत आम्ही बसलो होतो, तेव्हा त्यांनी कपाटातून एक सपाट डबा काढला. “हे बघ, हे तुझ्या ओळखीचं निघेल.” आत पक्ष्याच्या मानेचं वाळवलेलं कातडं होतं. काळी-राखाडी पिसं आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला पिवळट-पांढरा, चकचकीत थेंब. जणू कुणी लाखेचा ठिपका ठेवला आहे. मी ते कातडं हातात घेतलं आणि चाळीस वर्षं मागे गेलो.

आमच्या मामूंचं गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या कागदांखाली, अशीच एक मान होती. कसर लागलेली, पण थेंब शाबूत. मामू तरुण असताना रानकोंबडे फासे लावून धरत. मांस घरी खात आणि मानेचं कातडं राख चोळून वाळवून एका फिरत्या व्यापाऱ्याला विकत. तो पुढे मुंबईला पाठवायचा. हे कशाला लागतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. मामूंची समजूत अशी की मडमांच्या टोपीला लागत असावं. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, रानकोंबडा मारणं गुन्हा ठरलं, व्यापारी यायचा थांबला. ट्रंकेत ती एक मान विकायची राहून गेली होती.

ती टोपीला लागत नव्हती. ती सामन माशासाठी बांधलेल्या माश्यांना लागत होती. आपला राखी रानकोंबडा फक्त भारतात, मुख्यतः दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात सापडतो. त्याच्या नराच्या मानेच्या पिसाचं टोक पसरून असं कडक, चकचकीत होतं. पावसाळ्यात तर ही पिसं झडतात आणि काही महिने मान साधी काळी राहते. हे थेंब माशीच्या दोन्ही गालांवर बसवले की डोळ्यांसारखे दिसतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सामनच्या माश्या बांधणं ही श्रीमंतांची कला झाली. एकेका माशीत आठ-दहा पक्ष्यांची पिसं: चीनचा सोनेरी फेझंट, दक्षिण अमेरिकेतले निळे कोटिंगा, टूकन, पोपट, आणि आपला रानकोंबडा. एका लाल पिसाला तर ते ‘इंडियन क्रो’ म्हणतात. तो पक्षी ना इंडियन ना कावळा, दक्षिण अमेरिकेतला फळं खाणारा पक्षी आहे. साहेबाच्या भूगोलात आपण कुठेही असू शकतो.

आणि यातली खरी मेख अशी की सामन मासा समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरला की जवळजवळ काही खातच नाही. तो माशीवर का झडप घालतो, रागानं की जुन्या सवयीनं, यावर जाणकार अजून वाद घालतात. म्हणजे ही माशी कुठल्याच किड्यासारखी दिसायची गरज नव्हती. रानकोंबड्याच्या थेंबाची हौस माशाला कितपत होती कोण जाणे, माणसाला मात्र खात्रीनं होती. माझ्या मामूंच्या फाशांचं दुसरं टोक स्कॉटलंडच्या नदीकाठी बसलेल्या कुणा लॉर्डाच्या काचेच्या पेटीत होतं.

ब्रिटननं १९२१ साली परदेशी पक्ष्यांची पिसं आयात करण्यावर बंदी घातली, तरी हौस संपली नाही. काही जण आजही त्या जुन्या कृती तंतोतंत बांधतात, पाण्यात टाकायला नव्हे, फ्रेम करायला. २००९ च्या जून महिन्यात एडविन रिस्ट नावाचा वीस वर्षांचा अमेरिकन मुलगा, लंडनमध्ये बासरी शिकणारा आणि माश्या बांधण्यात नावाजलेला, रात्री ट्रिंग इथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची खिडकी फोडून आत शिरला आणि २९९ पक्ष्यांची कातडी घेऊन गेला. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसनं दीडशे वर्षांपूर्वी मलाया द्वीपसमूहातून जमवलेले पक्षीही होते. वॉलेस म्हणजे डार्विनच्याच काळात, स्वतंत्रपणे, निसर्गनिवडीच्या कल्पनेपर्यंत पोचलेला माणूस. रिस्ट पकडला गेला, २०११ मध्ये त्याला स्थगित शिक्षा झाली, म्हणजे तुरुंगात जावं लागलं नाही. पुष्कळ पक्षी परत मिळाले, पण अनेकांच्या पायांच्या चिठ्ठ्या तोडलेल्या होत्या. पक्षी कुठे, कोणत्या तारखेला मिळाला हे त्या चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी गेली की शास्त्रज्ञाच्या दृष्टीनं नुसतं कातडं उरतं. मामूंना निदान पोट होतं. या मुलाकडे काय होतं, याचा विचार करताना मला त्याचा राग येतो आणि बासरीमुळे थोडं वाईटही वाटतं.

दुल्हाभाईंच्या डब्यातली मान चोरीची नव्हती. ब्रिटनमध्ये काही जण रानकोंबडे पिंजऱ्यात वाढवतात आणि अशी कातडी रीतसर विकतात. ती महाग असतात. प्लॅस्टिकवर छापलेले नकली थेंबही मिळतात आणि सामन त्यांनाही लागतो. जुन्या स्पायडर माश्यांना लागणाऱ्या डॉटरेल पक्ष्यालाही आता तिथे कायद्याचं संरक्षण आहे, त्याऐवजी स्टार्लिंगच्या पंखाखालचं पीस चालतं. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातला. फेझंट पुष्कळदा रस्त्यावर गाडीखाली आलेला मिळतो. अशी उचललेली पिसं मात्र पिशवीत बंद करून आधी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी लागतात, नाहीतर कसर घरभर होते. यावरून आपाचं आणि दुल्हाभाईंचं तीस वर्षं भांडण चालू आहे. दुसरं भांडण नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशचं. माशीच्या डोक्यावरची गाठ पक्की करायला त्याचा एक थेंब पुरतो, पण बाटली आपाची असते.

त्या रात्री मी मामूंना फोन लावला. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येतं. मान कशाला लागायची ते मी ओरडून ओरडून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “आणि तो मासा ती खातो?” मी म्हटलं, “नाही मामू, तो तेव्हा काही खातच नाही.” पलीकडून पुन्हा शांतता. “मग कोंबडे कशाला मारवले रे आमच्याकडून?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना तिकडच्या पावसाबद्दल सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परवाना खिशात घालून रिबल नदीवर गेलो. यॉर्कशायरमधून निघून लँकेशायरमार्गे प्रेस्टनच्या पुढे समुद्राला मिळणारी ही नदी, आमच्या जगबुडीपेक्षा शांत. गळाचा काटा चिमट्यानं दाबून टाकलेला, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. माझ्या दोरीला मी स्वतः बांधलेली पाचवी माशी होती, नारिंगी रेशमाची, दोन वेढ्यांची. दुपारपर्यंत मी फक्त मागच्या झाडांतली पानं पकडली. चारच्या सुमारास दोरी एकदा थबकली. वीतभर लांबीचा ट्राउट, अंगावर तांबडे ठिपके. हात भिजवून त्याला धरला, गळ काढला, पाण्यात सोडला. माशीकडे पाहिलं तर तित्तराचे निम्मे तंतू तुटलेले, रेशीम सुटायला आलेलं. मी नवी काढू लागलो. दुल्हाभाईंनी हात धरला. “राहू दे. आता ती जास्त चालेल.”

खरंच तिनं आणखी दोन मासे आणले. तिसऱ्यानंतर गळावर दोऱ्याचा एक तुकडा आणि तीन तंतू उरले होते.

संध्याकाळी आपानं दारातच विचारलं, “मासे कुठे आहेत?” आम्ही म्हटलं, सोडून दिले. ती काही बोलली नाही. तिनं फ्रीझर उघडला, वरचं पिसांचं पुडकं बाजूला सारलं आणि खालून बांगडे काढले.